वरचा कागद, खालचा हुकूम

४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद.

तुझ्या माहितीसाठी सांगते, तुला एक आजी आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. डाव्या कानाने अजिबात ऐकत नाही आणि उजव्या कानाने सोयीपुरतं ऐकते. लहानपणी केस विंचरताना तू जिच्या मांडीवर लाथा झाडायचीस, तीच ही. ओळख पटली असेल तर पुढे वाच. नसेल तर पाकीट परत पाठव, मला परत वापरता येईल.

फोन करत नाहीस अशी तक्रार नाही. फोनवर मला नुसती मधमाशी गुणगुणल्यासारखं वाटतं. इतके दिवस माझी पत्रं लिहिणारी शिवणवाली शेजारीण मुलीकडे राहायला गेली, ती कायमचीच. तेव्हा हे पत्र दुसरं कोणीतरी लिहितंय. कोण ते अक्षरावरून ओळख. तुझ्या शिक्षणाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

आता मुद्दा. माझ्या नळाला पाणी नाही. जिन्याजवळचा पाइप फुटला होता. प्लंबर आला, पाइप बदलून गेला, आणि माझं पाणीही बरोबर घेऊन गेला. खालच्या सगळ्या मजल्यांवर येतं, फक्त माझ्याकडे नाही. खालची नर्स कामावर जायच्या आधी बादल्या भरून वर आणून ठेवते. ती बिचारी दिवसभर माणसं उचलते, त्यात सकाळी माझ्या बादल्या.

तळघरातलं यंत्र तू बसवलंस. पंप कधी लावायचा, कुठल्या मजल्याला कधी पाणी सोडायचं, सगळं तेच ठरवणार, असं तू छाती फुगवून सांगितलं होतंस. मी सगळ्या इमारतीत मिरवलं की नातीने केलंय. आता जिन्यात जो भेटतो तो मलाच जाब विचारतो, जसं काही मीच तुला ते शिकवलं.

तुझ्या बापाच्या कानावर गेलंय. तो मला म्हणतो, महिना संपेपर्यंत पाणी आलं नाही तर त्यानंतरच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन येतो आणि तुला आमच्याकडे घेऊन जातो. दोन दिवसांसाठी नाही, कायमची. त्याच्याकडे मला काही कमी नाही. तोच तर त्रास आहे. खुर्चीतून उठले की तुझी आई विचारते, काय हवंय. काही नको असतं गं, नुसतं उठायचं असतं. इथे मी माझ्या मनाने झोपते, उठते, वाटलं तर कप फोडते आणि कोणी काही म्हणत नाही. मला इथेच राहायचंय. तेव्हा ते यंत्र ताळ्यावर आण.

खाली भोपळ्यासारखं दिसतंय ती माझी सही. लिहिणाऱ्याला म्हटलं, भोपळ्याचं लिहू नका. तरी लिहिलंच. त्याला म्हणे ऐकलेलं सगळं लिहायची सवय आहे.

तुझी आजी
◯

९ मार्च

प्रिय आजी,

ओळख पटली. पाकीट ठेवून घेतलंय.

आधी एक सांगते. यंत्र ठीक आहे. हा हट्ट नाही, मी तपासून सांगतेय. तळघरातल्या कॉम्प्युटरमध्ये माझा जो प्रोग्राम आहे तो मी कंपाइल करून दिलाय. म्हणजे कपडा शिवून, अस्तर लावून, शिलाई आत घेऊन टाकावा तसा. त्याच्या आत कोणाला हात घालता येत नाही. पण वेळ थोडी बदलायची, एखादा मजला दुपारी बंद ठेवायचा, अशा बारीकसारीक गोष्टींसाठी मला कोणी हाका मारू नयेत म्हणून शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवलीय. सेटिंगची फाइल. तिच्यात नुसत्या वेळा नाहीत, छोट्या छोट्या आज्ञाही लिहिता येतात. आम्ही त्यांना स्क्रिप्ट म्हणतो. 'टाकी अर्धी झाली की पंप लाव', 'अमक्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद कर', असं. प्रोग्राम रोज पहाटे ती फाइल वाचतो आणि लिहिलेलं निमूटपणे करतो. उलट प्रश्न विचारत नाही. माझ्या ओळखीत असं दुसरं कोणी नाही.

म्हणजे गोंधळ त्या फाइलमध्ये आहे. आणि तळघराची किल्ली तुमच्या सेक्रेटरीकडे आहे.

मी त्यांना फोन केला होता. म्हणाले, "तोंडी सूचना मी घेत नाही, लेखी द्या." मी म्हटलं, काका, एकच ओळ आहे. म्हणाले, "एक ओळसुद्धा लेखी असते." आजी, हा माणूस असा कसा आहे? सरळ उत्तर दिलं तर त्याचं काही दुखतं का? मला तर वाटतं त्याला जन्मतःच कपाळावर रबरी शिक्का मारून पाठवलंय. जिन्यात त्याच्या नोटिसा बघितल्या की माझं डोकं उठतं.

तळघरात नेट पोचत नाही, त्यामुळे इथून मला काही करता येत नाही. यायचं म्हटलं तर ऑफिसात नवीन काम अंगावर आहे, सुट्टीचं नाव काढलं की साहेब खिडकीबाहेर बघायला लागतात.

तू इतकंच कर. फाइलमध्ये ही ओळ घालायला सांग : 'सगळ्या मजल्यांचे व्हॉल्व्ह उघड.' दुसऱ्या दिवशी पाणी येईल. आणि शिक्क्याचं त्यांच्यासमोर बोलू नकोस.

तुझी
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मला एकही शब्द न गाळता वाचून दाखवण्यात आलं. रबरी शिक्क्यापाशी वाचणाऱ्याचा आवाज जरा खाली गेला, म्हणून मला ऐकू आलं नाही, म्हणून मी तेवढं पुन्हा वाचायला लावलं, मोठ्याने. मग ते जिन्यातून जाणाऱ्या नर्सलाही ऐकू गेलं. ती कठडा धरून हसत उभी होती.

आता तरी कळलं का, अक्षर कोणाचं ते? इतकं वळणदार, पट्टी ठेवून ओढल्यासारखं अक्षर या इमारतीत आणखी कोणाचं आहे? ज्या नोटिसांखाली उभी राहून तू नावं ठेवायचीस, त्या बघूनही तुला ओळखता येऊ नये? मी अक्षर शिकले नाही म्हणून मला वाटायचं, शिकलेल्यांना तरी दिसत असेल.

(लेखनिकाची नोंद : मी कोर्टात लघुलेखक होतो. समोरचा माणूस बोलेल ते उतरवणे हे माझे काम. मजकूर लेखनिकाला मान्य असावा अशी अट नसते. कोर्टाचा शिक्का पितळी असतो, रबरी नव्हे. — सेक्रेटरी)

बघितलंस? मध्येच स्वतःचं घुसडतो. असू दे. माझ्याकडे दुसरं कोणी नाही आणि त्याच्याकडे दुसरं काम नाही.

तुझी ओळ त्याने तळघरात जाऊन घातली. मी पहाटेच नळ उघडला आणि समोर स्टूल टाकून बसले. नळ थरथरला. बोटभर धार आली. मी म्हटलं, आली गं बाई. तेवढ्यात बंद. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि तो माझ्याकडे.

तेव्हा तुझी ओळ काही चालली नाही. दुसरी पाठव. आणि जरा वेळेवर, कारण तुझा बाप अहो दूध वर आलं, गॅस बंद करा. लिहू नका, उठा. उठा म्हणते ना. काय माणूस आहे.

◯

१९ मार्च

प्रिय आजी, आणि सेक्रेटरी काका,

काका, चुकलं माझं. पितळी. पण फोनवर तुम्ही एवढंच म्हणाला असतात की आजीची पत्रं मीच वाचतो, तर हे टळलं नसतं का? की तेही लेखी मागायला हवं होतं?

आजी, गॅस बंद झाला का? पत्र तिथेच संपलंय.

पाण्याचं मला कळत नाही आणि त्यामुळे इथे माझी झोप उडालीय. इथे मी तसंच सगळं मांडून बघितलं, तीच ओळ फाइलमध्ये घातली, व्हॉल्व्ह उघडतो आणि उघडा राहतो. तुमच्याकडेच का बंद होतो? काका, ओळ जशीच्या तशी लिहिलीत ना? लिहिल्यावर फाइल सेव्ह केली ना? रागावू नका, विचारावं लागतं. ऑफिसात मोठी मोठी माणसं विसरतात.

आता ही ओळ घाला : 'सर्वात वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह दिवसभर उघडा ठेव.' आणि प्लंबरला बोलावून व्हॉल्व्ह अडकत नाही ना तेवढं बघून घ्या.

बाबांना मी सांगितलं, थोडं थांबा. ते म्हणाले, "तुझ्या यंत्रासाठी माझ्या आईने बादल्या उचलायच्या का?" मी फोन ठेवून दिला.

भिंगरी

२३ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

गॅस नर्सने बंद केला. हा पेन धरून उभा होता.

(लेखनिकाची नोंद : वाक्य अर्धे सोडून उठता येत नाही. ओळ जशीच्या तशी लिहिली होती. सेव्हही केली होती.)

नवी ओळही घातली. नळाने तेच केलं. थरथरला, बोटभर धार, गप्प. प्लंबर आला, त्याने व्हॉल्व्ह हाताने फिरवला तर बदाबदा पाणी. मी सगळी भांडी भरून घेतली, फुलदाणीसुद्धा. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बंद. प्लंबर म्हणतो व्हॉल्व्ह ठणठणीत आहे, कोणीतरी मुद्दाम बंद करतंय. आता इमारतीत कुजबूज आहे की सेक्रेटरीचं माझ्याशी वाकडं आहे. तो रोज माझी पत्रं लिहितो, वाकडं असायला त्याला वेळ कुठाय?

तुझा बाप येऊन गेला. टेप घेऊन आला होता. माझी खाट मोजली, कपाट मोजलं, माझ्याकडेही असं बघितलं की मला वाटलं आता मलाही मोजतो. म्हणाला, खाट हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसेल. आणि तुला ऐकू येत नाही, तेव्हा टीव्हीचा त्रास नाही. सगळा विचार करून आलाय. तो मायेने करतोय, तेच तर अवघड आहे. मायेशी भांडता येत नाही.

तो गेल्यावर मन लागेना, म्हणून मी सेक्रेटरीला म्हटलं, भिंगरीचं ते शिक्क्याचं पत्र वाचा. तर यांनी फाइल काढली. माझ्या पत्रांचीसुद्धा फाइल केलीय बाई, दोरा घालून. नवीन कागद सगळ्यात वर, जुना सगळ्यात खाली. शिक्क्याचं पत्र काढायचं तर वरचं सगळं उपसा. मी म्हटलं, जुनं टाकून द्या ना. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या आईला रस्त्यावर काढायला सांगितलं. म्हणाले, "कागद काढायचा नसतो मावशी. त्याच्यावर नवा लावायचा असतो." हे मी त्यांच्याच तोंडावर सांगतेय आणि ते शांतपणे उतरवून घेतायत.

लवकर काहीतरी कर. मी अजून काही बांधाबांध केलेली नाही. करणारही नव्हते, पण तुझ्या आईने रिकामी बॅग पाठवलीय. ती कोपऱ्यात तोंड उघडून बसलीय.

◯

२७ मार्च

आजी,

'नवीन कागद वर, जुना खाली' हे वाचलं आणि मी ऑफिसात खुर्चीवरून उठून सरळ बाहेर गेले, नाहीतर तिथेच किंचाळले असते.

काका, तळघरातल्या फाइलमध्येही तुम्ही तसंच केलंय ना? आधीची ओळ न खोडता नवी तिच्या डोक्यावर?

माझा प्रोग्राम वरून खाली वाचतो. पहाटे तो फाइल उघडतो. सगळ्यात वर माझी ओळ : उघड. त्याने उघडलं. मग तो खाली उतरतो. तळाला नक्की प्लंबर आला त्या दिवशीची ओळ असणार : दुरुस्ती होईपर्यंत वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद ठेव. दुरुस्ती केव्हाच झाली, पण हे त्याला कोण सांगणार? त्याने बंद केलं. जे शेवटी वाचलं ते त्याच्या लेखी खरं. म्हणून नळ थरथरतो, धार येते आणि जाते. आजी, तुझं पाणी रोज येत होतं गं. फक्त दोन ओळींच्या मधल्या वेळेपुरतं.

तुम्ही आणखी कितीही ओळी वर लावा, काही होणार नाही. तळाची ती ओळ खोडा. एवढंच. हात जोडते, लेखी जोडते.

भिंगरी

३० मार्च

चि. भिंगरी हिस,

स. न. वि. वि. आपले पत्र पोचले. तळाची नोंद आपण म्हणता तीच आहे. ती प्लंबरच्या सांगण्यावरून, इमारतीच्या वतीने, मी केलेली आहे. झालेली नोंद मी खोडणार नाही. आयुष्यात खोडलेली नाही. खोडाखोड असलेला कागद कोर्टात कोणी हातात धरत नसे.

नवा कागद वर लावतात, कारण फाइल उघडणारा आधी वरचा कागद बघतो आणि तोच आदेश चालू आहे असे समजतो. खालचे कागद हा इतिहास. आपला प्रोग्राम वरचा आदेश पाळून पुन्हा इतिहासात शिरतो आणि तोही पाळत बसतो, ही त्याची खोड आहे, माझी नव्हे.

कळावे.
सेक्रेटरी

आता मी बोलते. लिहा.

भिंगरे, मी याला म्हटलं, एक ओळ खोडली तर काय आभाळ कोसळणार आहे? म्हणाला, "आज ओळ खोडली तर उद्या सही खोडतील." मी म्हटलं, परवा मला इथून खोडतील, त्याचं काय? तर हेही लिहून घेतलंच.

तुम्हा दोघांमध्ये मी बादली घेऊन उभी आहे. तो त्याची नोंद खोडत नाही, तू तुझं शिवलेलं उसवत नाहीस. दोघांचंही बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे, तुझ्या बापाचंसुद्धा. आणि मी इकडे कपड्यांच्या घड्या घालतेय. बॅग अर्धी भरली. रविवार जवळ आला.

◯

२ एप्रिल

सेक्रेटरी काका,

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात नवा प्रोग्राम आहे.

एकदा कंपाइल केलेलं पुन्हा उघडावं लागू नये, म्हणूनच मी त्या फाइलचा खटाटोप केला होता. तो सगळा तुमच्या एका सवयीपायी वाया गेला. मी प्रोग्राम उसवला आणि पुन्हा शिवला. आता तो सुरू होताच, आणि मग रोज पहाटे, फाइल तळापासून वर वाचतो. आधी इतिहास, शेवटी तुमचा वरचा कागद. वरचा आदेश अंतिम. तुमची एकही नोंद खोडायची नाही.

वैतागून सांगतेय, पण खरं तेच सांगतेय : तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फाइल माणसं लिहिणार होती आणि माणसं कागद कुठे लावतात हे मी विचारलंच नाही. आता तुम्ही म्हणाल, लेखी विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

काय करायचं ते वेगळ्या कागदावर क्रमाने लिहिलंय. वरपासून खाली वाचा, कृपा करून. रविवारी बाबा पोचायच्या आत झालं पाहिजे.

आजीला सांगा, पाणी एकदम जोरात येईल, नळ बंद करून ठेव.

भिंगरी

६ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

नळ बंद ठेवायचं सेक्रेटरीने मला वाचून दाखवलं म्हणे. मला ऐकू आलं नाही. माझा डावा कान त्यांच्या बाजूला होता.

(लेखनिकाची नोंद : मी उजव्या बाजूला बसलो होतो.)

तुझं पाकीट काल सकाळी कुरियरवाल्याने आणून दिलं, तेव्हा तुझा बाप गाडी लावून वर पोचलाही होता. खाट सोडून झाली होती, गादीची गुंडाळी झाली होती. बॅग भरून तयार. ती मी न्हाणीघराच्या दारात ठेवली होती, येण्याजाण्याच्या वाटेत नको म्हणून. सेक्रेटरी एका हातात पेनड्राइव्ह आणि दुसऱ्या हातात तुझा कागद घेऊन तळघरात गेले. तुझा बाप म्हणाला, आता काय उपयोग. मी म्हटलं, त्यांना जाऊ दे, त्यांच्या हातात कागद आहे, त्यांना अडवू नये.

मी शेवटचं म्हणून घरभर एक चक्कर मारत होते. आणि पायाला गार लागलं. मला आवाज कुठला यायला? मी खाली बघितलं तर पाणी माझ्या बोटांमधून हॉलकडे निघालं होतं, अगदी घरच्यासारखं. तुझा बाप ओरडत होता, तोंड हलताना दिसत होतं. त्याने नळ बंद केला, पण तोवर बॅग तळापासून वरपर्यंत भिजली होती. इतकी, की उचलली तर खालून धार लागली.

मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फडकं घेऊन बसला. लहानपणी सांडून ठेवायचा तेव्हा मी पुसायचे. मी स्टुलावर पाय वर घेऊन बसले आणि कोपरा राहिलाय तो दाखवत होते. नर्सच्या छतातून थेंब पडले म्हणून ती वर आली. तिने फरशी बघितली, मला बघितलं, आपली बादली उचलून घेऊन गेली.

माझे सगळे कपडे दोरीवर, खुर्च्यांवर, दारांवर वाळत घातले. ओले कपडे घेऊन माणूस कुठे जाणार? तुझा बाप चहा प्यायला. खाट त्यानेच पुन्हा जोडली, होती तिथेच. निघताना न्हाणीघरात गेला, नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला, हात धुतले. म्हणाला, "जोर चांगला आहे." मी म्हटलं, तुझ्याच लेकीचा आहे. मान हलवली आणि गेला. बॅग इथेच राहिली आहे, तोंड वासून वाळतेय. तिच्यात बटाटे ठेवीन म्हणते.

सेक्रेटरीने तळघरातल्या फाइलमध्ये सगळ्यात वर एक नवीन ओळ लावलीय, दुरुस्ती झाली म्हणून. पाणी आज सकाळीही आलं. तुझ्या प्रोग्रामचं मी जिन्यात पुन्हा कौतुक सुरू केलंय. पण तू आता तिकडे नवं काही बसवायच्या आधी ते वापरणारा माणूस कागद कुठे लावतो तेवढं बघ. हे मी सेक्रेटरीच्या समाधानासाठी सांगतेय, त्यांनी मला डोळ्याने खूण केली.

(लेखनिकाची नोंद : खूण केलेली नाही.)

आता डब्याचं. सफरचंदं पाठवू नकोस, माझे दात तुझ्या ऑफिसच्या साहेबांसारखे झालेत, नुसते जागेवर आहेत. पिकलेली मऊ नाशपाती पाठव आणि लोण्याची बिस्किटं, ती जाड असतात ती. सेक्रेटरीसाठी थोडे कडक टोस्ट. टोस्ट सगळ्यात वर ठेव. तो डबा उघडला की वरचं बघतो आणि तेवढंच आलंय असं समजतो. माझं सगळं तळाला ठेव.

◯